लोटसचा चॅपमन आणि एक रबरी बूट

गणितात केटी लागली म्हणून जे सध्या पांघरुणात तोंड लपवून पडले आहेत, त्यांनी हा लेख आधी वाचावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणारा एक मुलगा १९४८ साली शेवटच्या वर्षाच्या गणितात गचकला. तोच पेपर पुन्हा देऊन १९४९ मध्ये त्याने डिग्री घेतली. हा कॉलिन चॅपमन, लोटस गाड्यांचा जनक. शिवाय शिक्षण स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं, तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये!

जन्म १९ मे १९२८, लंडनजवळच्या रिचमंडचा. कॉलेजात असतानाच जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री सुरू केली. मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर त्याने पहिली गाडी बांधली. १९५२ साली कंपनी काढताना २५ पौंड हेझलनेच उसने दिले. पुढे १९५४ मध्ये लग्न झालं, तेव्हा कर्ज फिटलं की नाही ते विचारू नये.

गाडीचा प्रत्येक भाग काहीतरी भार पेलतो का, हे तो पुलाच्या ट्रसकडे बघावं तसं बघायचा. एका भागाने दोन कामं केली तर दुसरा भाग लागतच नाही. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने पाइपांची चौकट काढून बॉडीलाच चासी केलं. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर इंजिनच चासीचा मागचा भाग झालं, मागचं सस्पेन्शन त्याच्याच आधारावर. जिम क्लार्क त्याच्या गाड्यांवर १९६३ आणि १९६५ असा दोनदा जगज्जेता झाला. गाडी जिंकली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकवायचा.

पण मला हा माणूस खरा कळला तो १९६६ च्या लोटस युरोपामुळे. यात इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. इंजिन-गिअरबॉक्स रेनॉ १६ या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा, फक्त उलटा फिरवून बसवलेला. तेवढंच केलं असतं तर गाडीला चार गिअर मागे जायचे आणि एक पुढे जायचा मिळाला असता! म्हणून डिफरन्शियलमधलं क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला नेलं. गाडीचं वजन सातशे किलोच्या आत राहिलं.

आता गिअर लिव्हर पुढे आणि गिअरबॉक्स पार शेपटीला, म्हणजे मधे लांबलचक लिंकेज आलं. त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट दोन रुपड्यांची वस्तू वाटते, पण तो वाळून फाटला की धूळपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बुश झिजतं आणि लिव्हर खिचडीत फिरवलेल्या डावासारखी होते. बदलताना आधी रॉडच्या जागेवर खूण करायची, नाहीतर परत जोडल्यावर गिअर सापडत नाहीत. जुनं ग्रीस पुसून बुशमधला प्ले बघायचा, मगच नवा बूट चढवायचा. झिजलेल्या बुशावर नवं कव्हर म्हणजे नुसता मेकअप.

चॅपमनने या दुरुस्तीवाल्याचा विचार फारसा केला नसावा. सुरुवातीच्या युरोपात ताठपणासाठी फायबरग्लासची बॉडी चासीला चक्क चिकटवलेली होती. दुरुस्तीच्या नावाने बोंब! दुसऱ्या आवृत्तीत मग ती बोल्टने बसवली.

हलकेपणाचा हिशोब रेसमध्ये मात्र महाग पडे. लोटसच्या गाड्या मोडतात ही योखेन रिंटची जुनी तक्रार. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाला सराव करताना त्याच्या लोटस ७२ चा पुढचा एक ब्रेक-शाफ्ट तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. चॅपमनच्या बुद्धीपुढे मी मान तुकवतो, पण इथे हात जोडवत नाहीत.

तो थांबला नाही. गाडीखालच्या हवेनेच गाडी रस्त्याला चिकटवणाऱ्या लोटस ७९ वर मारिओ आन्द्रेती १९७८ ला जगज्जेता झाला. पुढे डिलोरियन प्रकरणात लाखो पौंडांचा घोळ निघाला. त्यात लोटसच्या हिशेबनिसाला १९९२ मध्ये शिक्षा झाली. चॅपमन तोवर कोर्टाच्या पलीकडे गेला होता. १६ डिसेंबर १९८२ रोजी, ५४ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका. त्याच दिवशी लोटसची ॲक्टिव्ह सस्पेन्शनची पहिली फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी ट्रॅकवर उतरली होती.