महर्षी कर्वे यांचे उमेदवारीचे दिवस

नांदेड-लातूरकडील शाळांतून परीक्षा उत्तीर्ण होऊन कित्येक विद्यार्थी पुण्यामुंबईची वाट धरतात. ओळखीचे माणूस नाही, राहावयास धड जागा नाही आणि नोकरीची तर केवळ आशा, अशा स्थितीत त्यांचे पहिले दिवस जातात. इकडे घरी आईबापांचा जीव टांगणीस लागलेला असतो. अशा वाचकांपुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राचा पूर्वभाग आम्ही मुद्दाम ठेवीत आहो. त्यांची पुढील कीर्ती सर्वश्रुत आहे. तेथवर जाण्याची वाट मात्र तितकीशी परिचित नाही.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोलीनजीक मुरूड गावी गेले. घरची गरिबी होती. त्या काळी मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा दिली म्हणजे शिक्षकाची नोकरी मिळण्याची सोय होई. त्या परीक्षेसाठी १८७५ साली, ऐन पावसाळ्यात, सह्याद्रीचा घाट चढून ते सोबत्यांसह सुमारे शंभर मैलांवरील साताऱ्यास पायी गेले. परंतु त्यांची अंगकाठी लहान! सतरा वर्षे पुरी झाली असताही वय कमी दिसते, म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढी पायपीट करून पदरी नकार आला. तरी त्यांनी नाद सोडला नाही. पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन ते उत्तीर्ण झाले.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते मुंबईस आले. रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. इतर मुले ज्या वयात पदवी घेतात, त्या वयात ह्यांनी कॉलेजात पाऊल टाकले! प्रथम विल्सन व नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. स्वभाव अतिशय भिडस्त. चारचौघांत बोलणे त्यांना जड जाई. अशा माणसाने अफाट शहरात शिकवण्या मिळवून आपला खर्च भागविला आणि १८८४ साली गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी संपादन केली.

पदवी मिळताच कायमची नोकरी चालून आली, असे मात्र झाले नाही. कोठे शाळेतील काही तास, कोठे घरगुती शिकवणी, अशी कामे जोडून त्यांनी संसार चालविला. पहाटे उठावे आणि सायंकाळपर्यंत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शिकवीत जावे, असा त्यांचा क्रम होता. एवढ्या ओढाताणीतही मिळकतीचा काही अंश ते गावच्या सार्वजनिक कार्यासाठी ‘मुरूड फंडा’त घालीत.

१८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गणित शिकविण्याचे बोलावणे आले. बोलावणारे गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे एल्फिन्स्टनमधील सहाध्यायी होते. कोणाच्या दारी अर्ज घेऊन न जाता हे स्थान मिळाले. मुंबईतील सात वर्षांची निरलस मेहनत हीच त्यांची शिफारस ठरली, असे आम्हांस वाटते.

पुण्यास त्यांचे खरे जीवितकार्य सुरू झाले. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला व त्याबद्दल मुरुडास बहिष्कार सोसला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. आश्रम हिंगण्यास गेल्यावर कॉलेजातील काम आटोपून ते तेथे पायी जात. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा बहुमान झाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, परक्या शहरात पहिले दार बंद झाले म्हणून परत फिरू नका आणि हाती आलेले लहान काम हलके मानू नका. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाला स्थिर होण्यास चार वर्षे अधिक लागली, तर त्याला बोल न लावता धीर द्यावा.