आकाशाचा दावा

विमानाच्या जनकांपैकी एक म्हणून विल्बर राईटचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे आकाशापेक्षा न्यायालयातच अधिक खर्ची पडली, याचे स्मरण क्वचितच कोणाला असते.

१८६७ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाच्या घरी तो जन्मला. धाकटा भाऊ ऑर्व्हिल याच्यासह तो डेटन शहरी सायकलींचे दुकान चालवी. त्याच मिळकतीतून दोघांनी प्रयोग केले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकनजीकच्या वाळूवर यंत्रचलित विमान उडविले. त्या दिवशीचे सर्वांत लांब, ५९ सेकंदांचे उड्डाण विल्बरचे होते. पंखांची टोके पिळून हवेत तोल सावरण्याची युक्ती हे त्यांचे खरे संशोधन. १९०६ साली त्यांना पेटंट मिळाले.

पुढे ग्लेन कर्टिसने पंख न पिळता हलत्या झडपांनी तोच परिणाम साधला. तत्त्व आमचेच, असे म्हणून राईट बंधूंनी १९०९ साली त्याच्यावर दावा गुदरला. पेटंटाचा हक्क मुदतीचा असतो. ती सरत असता एका प्रतिस्पर्ध्याला मोकळे सोडले, तर परवानाशुल्क देणारे इतरही हात आखडता घेतात. म्हणून उद्योजक न्यायालय गाठतो. श्रमांचे मोल मागता मागता स्पर्धकाची वाट अडविणे केव्हा सुरू होते, हे मात्र त्याचे त्यालाही कळत नाही.

विल्बरचे तसेच झाले. साक्षीपुराव्यांत नव्या रचनांचे काम मागे पडले. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ४५ होते. १९१४ साली निकाल राईट पक्षाच्या बाजूने लागला. पण तोवर युरोप पुढे गेला होता. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा तिचे वैमानिक बहुतांशी फ्रेंच विमानांतून लढले. अखेर सरकारच्या आग्रहाने सर्व पेटंटे एकत्र करून उत्पादकांना खुली करावी लागली. १९२९ साली तर राईट आणि कर्टिस या नावांच्या कंपन्याच एक झाल्या!

२०११ ते २०१८ अॅपल आणि सॅमसंग याच वाटेने गेल्या, आणि शेवटी तडजोडच झाली. संशोधकाला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु वाजवी शुल्कात परवाना देण्याची वाट कायद्याने आरंभीच दाखविली, तर एखादा विल्बर वकिलांच्या कचेरीऐवजी आपल्या कर्मशाळेत राहील.