कै. नारायण वामन टिळक आणि त्यांचा देवाचा दरबार

आपल्या ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत देण्याची प्रथा चांगली आहे. तथापि ज्यांनी ज्ञातीची चौकट ओलांडली, त्यांची नावे आपण सहसा घेत नाही. कोकणातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेले नारायण वामन टिळक हे अशांपैकी एक होत. शाळेतील मुलांस आम्ही त्यांच्या कविता वर्षानुवर्षे शिकविल्या. कवी म्हणून ते घरोघरी परिचित आहेत. येथे त्यांच्या आयुष्यातील अखेरच्या दोन वर्षांविषयी लिहावयाचे आहे.

टिळकांचा पिंड धावपळीचा. आई लहानपणीच गेली, वडील करडे. मुलगा घर सोडून नाशिकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे शिक्षकी, कीर्तन, पुराण, नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य असे अनेक उद्योग त्यांनी केले. एका ठिकाणी पाय ठरेना. जलालपूरच्या गोखल्यांची कन्या लक्ष्मीबाई यांनी ही फिरती सोसली आणि उत्तरवयात 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात ती हसत हसत सांगितली. ज्या आमच्या भगिनींनी तो ग्रंथ अद्याप वाचला नसेल, त्यांनी तो अवश्य वाचावा.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. एरवी उतावळा असलेला हा मनुष्य येथे मात्र थबकला. वाचन, शंका, पत्रव्यवहार, प्रार्थना यांत सुमारे दोन वर्षे गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरच्यांनी मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे आप्तांच्या आश्रयास राहिल्या. त्या काळी आपल्या लोकांनी त्या माउलीस जो जाच दिला तो आठवून मन खिन्न होते. आणि टिळकांनीही पत्नीच्या मनाची पुरती तयारी होऊ दिली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे त्या नगरास पतीकडे आल्या, आपल्या बुद्धीने विचार करून १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या.

नगरास टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात अध्यापन, उपदेशकाचे काम, 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन, असा संसार स्थिरावला. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी लेकरासारखे राहिले. १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले. मान होता, वेतन होते. अशा वेळी, पन्नाशी उलटून गेलेली असताना, त्यांच्या मनात नवी तळमळ उठली.

ती अशी. मिशनच्या पगारावर जगणारा मनुष्य देवाची गोष्ट सांगू लागला की ऐकणाऱ्यास तो परकीयांचा चाकर वाटतो. त्याचा ख्रिस्त विलायती वाटतो. टिळक तर तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलेले, अभंग रचणारे, टाळ घेऊन भजनास उभे राहणारे. मग मिशन सोडून करावे काय? एखाद्या व्यवहारी माणसाने आधी वर्गणी जमविली असती, नियमावली लिहिली असती, घर पाहिले असते आणि नंतर राजीनामा दिला असता. आम्हीही तसेच केले असते. टिळकांनी क्रम उलटा धरला. आधी प्रार्थना, अंतरात हाक आल्याची खात्री, मग मिशनच्या वेतनाचा त्याग; योजना त्याच्याही मागून. १९१७ साली त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला व साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती.

कोणी म्हणेल, हा तर जुनाच उतावळेपणा, त्यास देवाचे नाव दिले इतकेच. ही शंका आम्हांसही आली होती. पण १८९५ आणि १९१७ यांत एक भेद दिसतो. पहिल्या वेळी घर तुटले. दुसऱ्या वेळी संन्यास घेऊनही लक्ष्मीबाई साताऱ्यास त्यांच्याजवळ होत्या. संन्याशाचा संसार ही बोलण्यात विसंगत वाटणारी गोष्ट त्या घरात घडली. चूल कशी पेटावयाची, आल्यागेल्यास काय वाढावयाचे, ही चिंता मात्र देवावर भरवसा ठेवणाऱ्या पतीपेक्षा पत्नीसच अधिक पडली असणार. भरवशाचे ओझे कोणाच्या खांद्यावर येते, हे चरित्रकार फारसे पाहत नाहीत. नोकरी वा गाव बदलण्याचा प्रसंग आपल्या नवी मुंबईतील तरुण कुटुंबांवर नेहमी येतो. त्यांनी टिळकांबरोबर लक्ष्मीबाईंकडेही पाहावे.

दरबारास काळ फार थोडा मिळाला. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहास दफन न करता अग्नी देण्यात आला. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात ही गोष्ट नवलाचीच. मागे ठेवण्याजोगी संस्था उभी राहिली नव्हती, आणि मुख्य माणूस गेल्यावर दरबार ओसरला. 'ख्रिस्तायन'ही अपुरेच राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीपाशीच अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे हाती घेतले व उरलेले बहुतेक अध्याय स्वतः रचले.