पहिल्या चित्रपटाचा जमाखर्च

मंडळाच्या जमाखर्चाची वही काही वर्षे माझ्याकडे होती. तेव्हापासून एक खोड जडली आहे. कोणाचेही मोठे कार्य वाचले की पहिला प्रश्न मनात येतो, याला पैसा आला कोठून? दादासाहेब फाळक्यांचे चरित्र वाचतानाही तेच झाले, आणि उत्तर शोधता शोधता मी त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचले. म्हणून भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेत हा हिशेब मांडीत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित; मुलगा मात्र चित्रकलेकडे वळला. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो शिकला. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी गेली. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे सासरचे नाव सरस्वती. पुढे पुराणवस्तू खात्यातील नोकरी वंगभंगाच्या चळवळीच्या काळात सुटली. मग छापखाना काढला, यंत्रांसाठी १९०९ साली जर्मनीस जाऊन आले, आणि अखेर भागीदारांशी बिनसून तेथूनही बाहेर पडले. चाळिशी गाठलेली, पदरी मुले, आणि हाताशी ना नोकरी ना धंदा, अशी त्या वेळी घराची स्थिती होती.

अशा वेळी, १९११ च्या सुमारास, गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा विलायती मूकपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता, पण त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यानंतर ध्यास असा लागला की, मिळेल तो चित्रपट पाहावयाचा आणि रात्र रात्र त्याचे तंत्र शोधावयाचे. या जागरणांनी त्यांची दृष्टी जाण्याची वेळ आली होती; औषधोपचाराने ती वाचली.

आता मुख्य गोष्ट पैशाची. चित्रपट म्हणजे काय हेच ज्या काळी लोकांना नीट ठाऊक नव्हते, त्या काळी त्यासाठी कर्ज कोण देणार? फाळक्यांनी आपल्या १२ हजार रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १० हजार रुपये उभे केले. हे वाक्य आपण चटकन वाचून पुढे जातो. पण विम्याची पॉलिसी असते कोणासाठी? घरधनी गेल्यावर बायकोमुलांना दोन घास मिळावेत म्हणून ती असते. तेव्हा गहाण पडले ते सरस्वतीबाईंचे उद्याचे अन्न, असेच म्हटले पाहिजे.

ते पैसे घेऊन फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी विलायतेस निघाले. लंडनमध्ये एका चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना मदत केली, आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओत काम पाहू दिले. ५० पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दराने ७५० रुपयांना, त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, आणि एप्रिलच्या आरंभी ते परतही आले. मुक्काम लांबविणे परवडणारे नव्हते.

यंत्रे आली, पण चित्रपटाचा खर्च पुढेच होता. तेव्हा त्यांनी एक नामी युक्ती केली. कुंडीत दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. काही दिवसांची वाढ मिनिटभरात डोळ्यांपुढे झाली! ते पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. पण कर्जाला तारण लागते, आणि येथे सरस्वतीबाईंचे दागिने उतरले.

पुढे जे घडले ते कोणत्याही वहीत रुपये-आणे-पैशांत लिहिता यावयाचे नाही. दादरच्या राहत्या बंगल्यालाच कारखान्याचे रूप आले. त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांवाचून येई. अंधाऱ्या खोलीत बसून ती छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. रसायने कालविणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि हे सारे आटोपून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! यांपैकी एकेका कामाला पगारी माणूस ठेवावा लागता, तर हा चित्रपट पुरा होता ना.

तारामतीच्या भूमिकेला कोणी स्त्री मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. चित्रपटात काम करतो म्हणणे कमीपणाचे वाटे, म्हणून मंडळींनी हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, अशी सूचना होती. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सहा महिने सत्तावीस दिवसांत, सुमारे ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. लोकांनी तो उचलून धरला. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियाच पडद्यावर आल्या.

त्यानंतर नाशिकला बिऱ्हाड हलले, १९१७ साली 'लंकादहन' गाजला, आणि १९१८ साली धनिक भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. आता भांडवलाला तोटा नव्हता, पण मन मोकळे राहिले नाही. भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काही काळ काशीस जाऊन राहिले. मग परत आले. बोलपटांच्या युगात १९३७ साली 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार दिला जातो.

माझ्या वहीच्या नजरेने पाहता मला दोन गोष्टी दिसतात. परक्याच्या भांडवलावर काढलेल्या कंपनीत त्यांना मनासारखे वागता आले नाही. घरच्या पैशावर काढलेल्या पहिल्या चित्रपटात ते वागता आले. पण त्या मोकळेपणाची किंमत भरली ती पत्नीने. दागिने गेले असते, चित्रपट पडला असता, तर नवऱ्याला लोकांनी वेडा ठरविले असते. उपाशी मात्र तिला आणि मुलांना राहावे लागले असते. हे ठाऊक असून ती उभी राहिली, म्हणून तिला मी नुसती साहाय्य करणारी म्हणणार नाही. ती त्या चित्रपटाची पहिली भांडवलदार होती.

आपल्या मंडळाच्या वहीतही देणग्यांची नावे आहेत. पण सतरंज्या झटकणाऱ्या, चहाची भांडी घासणाऱ्या कितीजणींचे नाव जमेच्या बाजूस लिहिले आहे? या वर्धापनदिनी निदान एक पान त्यांच्यासाठी राखून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.