पाण्याची तोटी मागणारे जोतिराव

जोतिरावांची जयंती आली की भाषणे होतात ती मुलींच्या शाळेवर, सत्यशोधक समाजावर आणि १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुल्या केलेल्या हौदावर. ते योग्यच आहे. परंतु ज्या माणसाने १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन देताना आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा कंत्राटदार अशी करून दिली, त्याच्यातला शेतकरी आम्ही फारसा वाचलेला नाही. ठिबक, तुषार, शेततळे, विहीर यांच्या अनुदानाच्या घोषणा दरवर्षी होतात. पाणी जपून वापरणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने कशी मदत करावी, हा प्रश्न तात्यासाहेबांनी १८८३ सालीच मांडून ठेवला होता, याची आठवण मात्र त्या घोषणा करणाऱ्यांना नसते. आम्हाला तरी ती असायला हवी.

जोतिरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यामुळे फुले झाले. वडील गोविंदराव मळा करीत. पोराला शाळेत घातले, परंतु शूद्राच्या मुलाने शिकून काय करायचे, असे कान भरणारे भेटले आणि जोतिबाच्या हातात पाटीऐवजी खुरपे आले. पुढे शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली त्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. मधली वर्षे वाया गेली असे चरित्रकार लिहितात. आम्हाला तसे वाटत नाही. वाफ्याला पाणी दारे धरून कसे द्यायचे आणि दांड फुटला की किती पाणी वाया जाते, हे मळ्यात राबणाऱ्या पोराला पुस्तकावाचून कळते.

१८४८ ची शाळा आणि त्यापुढचा संघर्ष वाचकांना ठाऊक आहे. आम्ही वळतो ते त्यांच्या कंत्राटदारीकडे. १८७० च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला बांधकामाचे साहित्य पुरवण्याचे काम जोतिरावांनी केले. सरकारी बांधकामात पैसा कुठून येतो, कुठे मुरतो, कारकून आणि इंजिनियर कोणाची बिले अडवतात, हे त्यांनी आतून पाहिले. खडकवासल्याचे धरण झाले, मुठेचे कालवे निघाले आणि १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा आला. त्याच मुठेच्या कालव्याच्या पट्ट्यात, मांजरीला, जोतिरावांची स्वतःची शेती होती. म्हणजे धरणाला माल पुरवणारा आणि पाटाच्या पाण्याची वाट पाहणारा माणूस एकच! असा दुहेरी अनुभव असलेला दुसरा विचारवंत त्या काळच्या पुण्यात आम्हाला तरी दिसत नाही. बाकीचे विद्वान दिवाणखान्यात बसून शेतीवर व्याख्याने देत होते.

मध्येच १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी चालवली. जोतिराव त्या कामात होते.

या सगळ्यातून १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ उभा राहिला. त्यातील काही भाग त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही वाचून दाखवला. हे पुस्तक भटशाहीवरचा हल्ला म्हणून वाचले जाते, आणि ते तसे आहेच. परंतु त्याच्या शेवटच्या भागात सरकारपुढे ठेवलेल्या मागण्यांची जी जंत्री आहे, ती आजच्या कोणत्याही कृषी खात्याच्या टेबलावर ठेवावी अशी आहे.

पहिली गोष्ट तोटीची. पाणीपट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळत नाही आणि पिके वाळून जातात, ही त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांचा उपाय असा की प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने पुरेल एवढे पाणी तोटीने मोजून द्यावे. एवढ्या मोठ्या पगाराच्या इंजिनियरांना हे का सुचले नाही, असा त्यांचा रोख आहे. पाणी मोजले की वरच्या अंगाचा बडा बागाईतदार खालच्या माणसाचे पाणी पिऊ शकत नाही आणि वायाही घालवू शकत नाही. बचत आणि न्याय, दोन्ही एका तोटीत आले. महाराष्ट्रात पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचा कायदा झाला २००५ साली. मध्ये १२२ वर्षे गेली!

दुसरी गोष्ट बंधाऱ्यांची. लष्करात आणि पोलिसांत रिकामे बसलेले शिपाई आहेत, त्यांच्याकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे वळवाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्याला जाईल. नदीनाले आणि तलावांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. तिसरी गोष्ट विहिरींची. पानाड्यांकडून सगळ्या जमिनी तपासून घ्याव्यात, जेथे दोन मोटांपेक्षा जास्त पाणी लागण्याचा अंदाज असेल त्या जागा गावाच्या नकाशात दाखवाव्यात, आणि सरकारची मदत न घेता जो शेतकरी विहीर खोदून बांधून काढील त्याला लहानमोठे बक्षीस द्यावे.

येथे आम्ही थोडे थांबतो. बक्षिसाची ही कल्पना आम्हाला जोतिरावांच्या बाकीच्या मागण्यांच्या मानाने लंगडी वाटते. सरकारच्या मदतीशिवाय विहीर कोण खोदणार? ज्याच्या घरी बैल, माणसे आणि चार पैसे आहेत तोच. भूमिहीन महार-मांगाला किंवा अर्ध्या एकराच्या कुणब्याला ते बक्षीस कधीच मिळणार नाही. परंतु त्यांची मागणी अख्खी वाचली पाहिजे. बक्षिसाच्या आधी नकाशा आहे. पाणी कुठे आहे हे शोधण्याचा खर्च आणि धोका सरकारने घ्यावा, बंधारा सरकारने स्वतःच्या माणसांकडून बांधून द्यावा, गाळ फुकट द्यावा, पाणी मोजून द्यावे, आणि मग वर बक्षीस. रोख रक्कम हा त्या मदतीचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग होता.

योगायोग असा की त्याच १८८३ साली इंग्रज सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी शेतकरी कर्जाचा. हीच ती तगाई. विहीर आणि ताल यांच्यासाठी कर्ज मिळे, पण तारण जमिनीचे, आणि वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी. जमीन असेल त्याला तगाई, नसेल त्याला सावकार. जोतिरावांनी मागितले होते एक आणि सरकारने दिले दुसरेच.

बांधवांनो, आजची मदत या दोहोंपैकी कोणत्या वाटेने चालली आहे? ठिबक आणि तुषार संचासाठी केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरले. राज्याने त्यात आपली भर घातली. कागदावर उत्तम. पण पद्धत कशी आहे? आधी ऑनलाइन अर्ज, मग पूर्वसंमती, मग संच विकत घ्यायचा, बिल चढवायचे, मोका तपासणी व्हायची, आणि त्यानंतर पैसे खात्यात. म्हणजे सगळी रक्कम शेतकऱ्याने आधी उभी करायची. ज्याला सोसायटी आणि कारखाना ओळखतो, त्याला ती अडचण नाही. २०१७ साली राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ऊसवाल्याला दोन टक्के व्याजाने कर्ज देऊ केले. पाणी सर्वांत जास्त पिणाऱ्या पिकाला सर्वांत स्वस्त कर्ज! कोरडवाहू एकरावर ज्वारी-तूर करणाऱ्यासाठी अशी तजवीज कोणी केली?

त्याच वर्षी, म्हणजे २०१७ साली, अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आली. तेव्हा नवीन विहिरीला अडीच लाख ठरले होते, शिवाय पंप, वीजजोडणी, ठिबक यांना वेगळी रक्कम. योजना चांगली आहे, तिचे स्वागतच. परंतु २०१७ च्या नियमांत नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन स्वतःच्या नावावर हवी होती. आमच्या किती घरांत सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि वाटण्या तोंडी झालेल्या आहेत! नावावर पंधरा गुंठे असलेला माणूस पाण्याशिवाय शेती करत नाही काय?

जोतिरावांना १८८८ साली अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहीत राहिले. त्याच वर्षी, आजारापूर्वी, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. राणीच्या मुलाने खरी रयत पाहावी, हा हेतू. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

त्यांच्या यादीतला पाण्याचा नकाशा आता भूजल खात्याकडे आहे, पानाड्याची गरज नाही. तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. ठिबकाच्या अनुदानाचा निम्मा हप्ता पूर्वसंमतीबरोबरच खात्यात पडला पाहिजे. पंधरा-वीस गुंठ्यांच्या चार घरांना मिळून एक विहीर आणि एक संच मंजूर झाला पाहिजे. आमच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत मागील पाच वर्षांत गावात कोणाकोणाला सिंचनाचे अनुदान मिळाले त्याची यादी मागावी आणि ती सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्यावी.