मार्कोनी आणि खडकीच्या तारा

मित्रांनो, मार्कोनी म्हटलं की 'रेडिओचा जनक' एवढंच आठवतं. पण पन्नाशीला टेकल्यावर या माणसाने आपलीच जुनी पद्धत बाजूला ठेवली, आणि नवी पद्धत घाटापलीकडे खडकीपर्यंत पोचली, हे फारसं कोणी सांगत नाही.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीत बोलोन्याला झाला. वडील इटालियन, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी नाही. १८९५ मध्ये त्याने घराजवळच्या टेकडीपलीकडे बिनतारी संदेश पाठवला. पुढे इंग्लंड, पेटंट, स्वतःची कंपनी. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार 'एस' अक्षर ऐकल्याचं त्याने जाहीर केलं. त्यावर आजही वाद आहे. १९०९ चं नोबेल त्याला ब्राऊन यांच्यासोबत विभागून मिळालं. याच ब्राऊन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेना वापरून लहरींना दिशा दिली होती.

मार्कोनीचा हिशेब मात्र वेगळा होता. पल्ला हवा? लहर लांब करा, पॉवर वाढवा! केंद्रं शेकडो किलोवॉटवर गेली. १९२३ मध्ये आपल्या 'एलेत्रा' बोटीवरून त्याने शॉर्टवेव्ह तपासली आणि दिशाच बदलली. सहकारी फ्रँकलिनने उंच मनोऱ्यांवर उभ्या तारांचा पडदा टांगला. सगळ्या तारांना एकाच फेजमध्ये फीड, मागे परावर्तक तारा. थोडक्या पॉवरमध्ये संदेश एकाच दिशेने जोरात जाऊ लागला. १९२७ मध्ये इंग्लंड-भारत बीम सेवा सुरू झाली : खडकीला ट्रान्समीटर, दौंडला रिसीव्हर.

फेडिंग मात्र संपलं नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात. बीममध्ये सगळ्या तारा मिळून एकच काम करतात. डायव्हर्सिटीत अँटेना अंतरावर असतात. एकाची वाट बिघडली तरी दुसऱ्याची बहुधा शाबूत राहते. १९९८ मध्ये अलामुती यांनी हे ट्रान्समीटरकडेच जमवलं. दोन अँटेनांवरून दोन सिम्बॉल पाठवायचे, पुढच्या स्लॉटमध्ये त्यांचे कॉन्जुगेट घेऊन अदलाबदल करायची आणि एकाचं चिन्ह उलटं करायचं. रिसीव्हरला एक अँटेना पुरतो. ही युक्ती पुढे वायफायच्या मानकातही आली.

मार्कोनी मुसोलिनीच्या पक्षात गेला, हा डाग राहिलाच. २० जुलै १९३७ ला तो रोममध्ये वारला, तेव्हा जगभरची बिनतारी केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली. तेव्हा दोस्तहो, प्रोजेक्टचं डिझाइन अर्ध्यावर बदलावं लागलं तर रडू नका. त्याने तर वीस वर्षांचं बदललं!