तापणाऱ्या तारेचे गणित मांडणारे जूल

जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे झाला. घरचा व्यवसाय बीअर बनवण्याचा. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांनी त्यांना काही काळ शिकवले. विद्यापीठात मात्र ते कधी शिकले नाहीत. कारखाना सांभाळून त्यांनी घरीच प्रयोग केले. १८४० मध्ये त्यांनी तारेची गुंडाळी पाण्यात ठेवून तिच्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते मोजले. तारेतील उष्णता तिच्या रोधाच्या आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, असे त्यांना आढळले. रॉयल सोसायटीने या निबंधाचा केवळ सारांश छापला.

घरातील एमसीबीपाशी वायर तापते, तीही याच नियमाने. स्क्रू सैल असला की जोडाचा रोध वाढतो. ०.१ ओहम रोधाच्या जोडातून १० अँपिअर प्रवाह गेला तर १० वॅट उष्णता निर्माण होते. २० अँपिअरला ४० वॅट. प्रवाह मर्यादेत असल्याने एमसीबी पडेलच असे नाही, पण आवरण वितळून आग लागू शकते. जळका वास, काळवंडलेली वायर किंवा चरचर जाणवल्यास मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. नुसता जास्त क्षमतेचा एमसीबी बसवणे धोक्याचे.

जूल ११ ऑक्टोबर १८८९ रोजी निवर्तले. ऊर्जेच्या एककाला त्यांचेच नाव आहे.